नॅनोनलिकांचा धागा आणि भट्टीचे तापमान

कापसाच्या सुताची ताकद त्यातील तंतूंच्या एकत्रित ताकदीपेक्षा नेहमीच कमी भरते. तंतू किती लांब आहेत आणि पिळामुळे ते एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर ती अवलंबून असते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या, वस्त्रतंत्रज्ञान शिकविणाऱ्या संस्थांतील हा प्राथमिक धडा होय. कार्बन नॅनोनलिकांच्या धाग्यालाही तो लागू पडतो. मात्र येथे तंतू शेतात नव्हे, भट्टीत तयार होतो आणि त्याचे गुण बऱ्याच अंशी तापमान ठरविते.

ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर गुंडाळल्यास जी नळी होईल, ती नॅनोनलिका. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधानंतर तिच्या अभ्यासाला वेग आला. २००० मधील चाचण्यांत बहुस्तरी नलिकांच्या बाहेरील थराचे ताणबल ११ ते ६३ गिगापास्कल भरले.

केंब्रिज विद्यापीठातील ॲलन विंडल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये थेट भट्टीतूनच अखंड धागा ओढून काढला. इथेनॉल, फेरोसीन व थायोफिन यांचे मिश्रण हायड्रोजनच्या प्रवाहात १०५० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला सोडले जाते. फेरोसीनपासून लोहाचे सूक्ष्म कण बनतात, त्यांवर नलिका वाढतात आणि धुरासारखा दिसणारा त्यांचा पुंजका ओढून रिळावर गुंडाळला जातो.

तापमान कमी पडले, तर नलिकांच्या भिंतींत दोष राहतात. ताकद व विद्युतवाहकता घटते. ते वाढविल्यास भिंती अधिक निर्दोष होतात आणि एकस्तरी नलिकांचे प्रमाण वाढू शकते. परंतु तापमान फार वाढले, की लोहाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि नलिकांवर काजळीसारखा कार्बन साचतो. मग नलिका निर्दोष असूनही त्यांची परस्परांवरील पकड सैल होते.

कापरापासून नलिका बनवितानाही तापमानाचा असाच प्रभाव दिसतो. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी या कच्च्या मालावर काम केले. पुढे जपानमधील मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांच्या प्रयोगांत कमी तापमानाला बहुस्तरी, तर ९०० अंशांच्या आसपास एकस्तरी नलिका मिळू लागल्या.

२००४ च्या त्या धाग्याचे ताणबल १ गिगापास्कलपर्यंतच होते. नंतरच्या धाग्यांनी हा आकडा मागे टाकला असला, तरी सुट्या नलिकेची बरोबरी अद्याप साधलेली नाही. हलक्या विद्युततारा व विमानांचे भाग ही या धाग्याची अपेक्षित क्षेत्रे आहेत. तेथवर पोहोचण्यासाठी भट्टी केवळ अधिक तापवून भागणार नाही. निर्दोष नलिका आणि घट्ट पकड या दोहोंना साधणारे तापमान शोधावे लागेल.