क्रोशाची उशी आणि गोधडी

भोर संस्थानाचें नांव निघालें कीं शंकराजी नारायण सचिव, राजगड आणि तोरणा यांचें स्मरण होतें. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, इतकें सांगितलें म्हणजे प्रकरण संपतें. परंतु संस्थानाच्या राजगड व प्रचंडगड या तालुक्यांतील, म्हणजे वेल्ह्याकडील, घरांत माणसें कशावर निजत, काय पांघरीत आणि तें कोणाच्या हातून तयार होई, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. आज बैठकीच्या खोलींत शोभेसाठीं ठेविलेली क्रोशाची फुगीर नक्षीची उशी ही या प्रश्नाकडे जाण्याची एक चांगली वाट आहे. कारण ती कोठून आली हें पाहूं लागलें कीं तिच्या आधीं घरांत काय होतें, हेंही पाहावें लागतें.

क्रोशा हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानशी आंकडी. ही कला वाटते तितकी पुरातन नाहीं. तिचे आरंभींचे छापील नमुने १८२३ सालच्या ‘पेनेलोपे’ नामक डच मासिकांत आढळतात. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला, तेव्हां तेथील जोगिणींच्या मठांनीं व परोपकारी स्त्रियांनीं गरीब बायकामुलींस क्रोशाची जाळी विणावयास शिकविलें. उठावदार गुलाब व पानें यांची ती जाळी इंग्लंडांतील श्रीमंतांच्या वस्त्रांवर चढली आणि विणणारणीच्या घरीं त्यामुळें चूल पेटली. ज्या उठावास आपण निव्वळ शोभा समजतों, तो त्या काळीं पोटाचा आधार होता.

आपल्याकडे ही विद्या मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आली. १९०९ मध्यें पुण्यास निघालेल्या सेवासदनानें शिवणकामास शिक्षणांत स्थान दिलें, त्यामागें स्त्रीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें हाच हेतु होता. तथापि सामान्य मराठी घरांत क्रोशाची वाट निराळी झाली. तो रुखवतांत जाऊन बसला. तोरण, रुमाल, उशीचा अभ्रा मांडावयाचे, आणि वरपक्षानें वधूच्या हाताची पारख करावयाची! मिळकतीचें साधन येथें परीक्षेचें साधन झालें.

आतां या उशीची घडण पाहा. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या भांडवलावर सारें काम चालतें. उठाव हवा असल्यास एकाच घरांत पांच-सहा खांब घालून त्यांचीं डोकीं एकत्र बांधावयाचीं. म्हणजे तो पुंजका बोंडासारखा बाहेर येतो. सपाट विणीहून यास सूत पुष्कळ लागतें, वेळही अधिक जातो. म्हणजे ही उशी नव्या, विकतच्या सुताची आणि थोड्याफार सवडीची अपेक्षा करते.

मावळांतील गोधडीचा हिशेब याच्या उलट आहे. जुनीं लुगडीं व धोतरें थरावर थर रचून त्यांवर धांवदोऱ्याच्या ओळी घालावयाच्या. तिच्या पृष्ठावरील उंचसखलपणा कोणी मुद्दाम काढीत नाहीं; थर सरकूं नयेत म्हणून घातलेल्या टांक्यांनीं तो आपोआप येतो. घाटमाथ्याच्या पावसांत धनगरी घोंगडी अंगावर आणि गोधडी अंथरुणांत, हा तेथील नित्याचा संसार. एकीचा उठाव सवडीनें घडविलेला, दुसरीचा गरजेनें घडलेला.

तरी दोहोंचें नशीब एकच. उशीला आपण ‘हौस’ म्हणतों, गोधडीला ‘काटकसर’. श्रम असें कोणीच म्हणत नाहीं. दोहोंवर करणारणीचें नांव नसतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: दोन सुयांचें विणकाम यंत्रानें कधींच आत्मसात केलें, परंतु खरा क्रोशा अद्यापि हातानेंच होतो. म्हणून बाजारांत अशी उशी कवडीमोलानें मिळाली, तर तो स्वस्तपणा यंत्राचा नसून कोणा बाईच्या बोटांचा असतो.

गडांच्या तटाला किती मजूर लागले याची विचारपूस आपण करतों. गोधडीस किती रात्री लागल्या आणि अभ्र्यास किती दुपारी, हेंही विचारावयास लागलों, तर भोर-वेल्ह्याच्या इतिहासांत आजवर न दिसलेलीं अर्धीं माणसें दिसूं लागतील.