ट्रॅमची पुरवणी

यंदा दिवाळीची भेट म्हणून नातवाने 'सिटीज : स्कायलाइन्स' या शहर वसवण्याच्या संगणक-खेळाच्या दोन पुरवण्या मागितल्या. खेळ २०१५ सालचा, फिनलंडमधील टाम्पेरे शहरी जन्मलेला. रस्ते आखा, पाणी आणा, कर बसवा आणि वाहनांच्या कोंडीने हैराण व्हा! पुढे एकेक पुरवणी निघत गेली, प्रत्येकीला वेगळे दाम. सगळ्या घेणारा धनवान मी नव्हे.

मी पुरवण्यांचा इतिहासच काढून बसलो. मूळ खेळात ट्रॅम नव्हती. ती आली फेब्रुवारी २०१६ मध्ये, 'स्नोफॉल' नावाच्या पुरवणीतून. नाव ऐकून आपल्याकडचा माणूस म्हणेल, बर्फ घेऊन काय करायचे? पण बर्फ फक्त हिवाळी नकाशांवर पडतो. ट्रॅम कुठेही धावते. गंमत म्हणजे खुद्द टाम्पेऱ्यात खरी ट्रॅम सुरू झाली ती २०२१ साली!

आमच्या मुंबईत ती १८७४ साली घोड्यांनी ओढली, १९०७ साली विजेवर चालू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. त्या रात्रीची गर्दी मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिली आहे. तेव्हा माझी निवड झालीच होती म्हणा ना!

नातवाला मात्र 'नॅचरल डिझास्टर्स' हवी. "आजोबा, त्यात उल्का पडतात!"

"अरे, बांधलेले मोडायला पैसे?"

अखेर एक त्याची, एक माझी. काल डोकावलो, तर उल्केने अर्धे शहर बसले होते आणि स्वारी आधी ट्रॅमचे रूळ जोडत होती.