स्पिटफायर : प्रतिकृतीसंच

दुसऱ्या महायुद्धातील ‘सुपरमरीन स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाची, सुटे प्लास्टिक भाग जोडून घरी बनवायची प्रमाणबद्ध प्रतिकृती. १:७२ हे सर्वाधिक रुळलेले प्रमाण. त्यात एक इंच म्हणजे सहा फूट. मूळ विमानाच्या पंखांचा ११.२३ मीटर विस्तार १:७२ मध्ये १५.६ सेंमी, तर १:४८ मध्ये २३.४ सेंमी भरतो. १:७२ हे प्रमाण १९३६ पासून ब्रिटनमधील ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेने रुजवले. एअरफिक्स कंपनीचा पहिला विमानसंच १९५३ चा, आणि तोही स्पिटफायरचाच.

भाग चौकटीतून कापून कडा पॉलिश पेपरने घासतात. वैमानिकाची बैठक आधी रंगवावी लागते, कारण विमानाच्या अंगाचे दोन अर्धे जुळल्यावर ब्रश आत पोचत नाही. चिकटद्रव प्लास्टिकच वितळवून भाग एकजीव करतो. म्हणून तो बोटाला लागला तर पंखावर ठसा कायमचा उमटतो.

मराठी छांदिष्टाला या संचात खरा रस वाटावा तो खुणांपाशी. खोक्यावर बहुधा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चे विमान असते. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये मिळालेली स्पिटफायर मात्र ‘मार्क आठ’ जातीची होती. त्यांच्या पंख्याला चार पाती, १९४६ मध्ये जपानला गेलेल्या ४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या ‘मार्क चौदा’ला पाच, तेव्हा विकत घेण्याआधी पाती मोजावीत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वर्तुळचिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत आपलेच विमान पाडले जाण्याची भीती होती. उरल्या निळ्याच्या दोन छटा. संचातली तिरंगी ब्रिटिश वर्तुळे तशीच चिकटवली, तर बाकी काम कितीही सुबक असो, ते विमान ब्रह्मदेशाच्या आघाडीचे होत नाही.

मुंबईचे नाव हवे असल्यास ब्रिटिश हवाई दलाची १३२ क्रमांकाची ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रन निवडता येते. १९४१ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे स्पिटफायरसह उभी राहिलेली ही तुकडी नॉर्मंडीवर लढली आणि पुढे सिलोनमार्गे हाँगकाँगला पोचली. तुकडी ब्रिटिश, नाव तेवढे मुंबईचे. मूळ ‘मार्क आठ’ विमान दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.