अपुरा कामठा

आपल्या या दुभाषी मुलखात एखादी वस्तू कोणाची, हे शब्दावरून ठरवू गेल्यास मोठी पंचाईत होते. धनुष्याला मराठीत 'कामठा' म्हणतात, तर गुजरातीत 'कामठुं'. सोबत बाण आला की इकडे 'तीरकामठा' आणि तिकडे 'तीरकामठुं'. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणात वारली बोली मराठीच्या खंडात घातली गेली आणि शेजारच्या धोडियांची बोली भिल्ली भाषांच्या खंडात. सर्वेक्षकाला अशी वाटणी करावीच लागते. कामठ्याने मात्र ती कधी मानली नाही.

मी व्यवसायाने शिक्षक आणि अभ्यासाने इतिहासाचा विद्यार्थी. दादरा-नगर हवेलीचा इतिहास वर्गात सांगताना आम्ही ठरावीक पायऱ्या चढतो. १७७९ साली मराठे व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याला अनुसरून १७८३ मध्ये नगर हवेली व १७८५ मध्ये दादरा पोर्तुगिजांकडे गेले. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. पोर्तुगीज अमदानीतील 'आल्वारा' जमिनींची पद्धत १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने मोडली, तरी त्यावरचे वाद न्यायालयांत पुढेही चालले, कारण त्यांचे कागद होते. पण या ७२ गावांच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांच्या हातांत जे शास्त्र होते, त्याचा कागद नाही. कामठा हे त्यांतलेच एक शास्त्र.

हे शास्त्र किती जुने आहे, याची एक खूण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. आयुधागाराच्या प्रकरणात तो ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे धनुष्याचे चार प्रकार सांगतो. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग अशा वनस्पतींच्या धाग्यांबरोबर तो बांबूचेही नाव घेतो. शहरी वाचकाला बांबूची दोरी हे कोडे वाटेल. आमच्याकडील पाड्यांवर ते कोडे नाही. बांबूच्या सालीची लांब, चिवट पट्टी काढून ती कामठ्याला बांधलेली मी पाहिली आहे.

आता लाकडाचे. आपल्याकडे कामठे बहुधा बांबूचे, भरीव मानवेल त्यासाठी उत्तम. पण लाकडात मान धामणीचा. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात वाढणारे हे झाड. संस्कृतात याला 'धन्वन' आणि 'धनुर्वृक्ष' अशी नावे आहेत. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग सांगितलेला! लाकूड चिवट व लवचीक असल्याने कुऱ्हाडीचे दांडे आणि खांद्यावरच्या कावडीही याच्याच करतात. ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होणे, हाच कावडीचा आणि कामठ्याचा समान धर्म.

खानवेलकडच्या एका पाड्यावर एका वृद्ध वारली कारागिराला धामणीचा कामठा करताना मी काही वर्षांपूर्वी तीन दिवस पाहिले. चिरलेले लाकूड चुलीवरच्या माळ्यावर कित्येक महिने धुरात वाळलेले होते. नेमणाऱ्याकडून दूर राहणारी बाजू, म्हणजे कामठ्याची पाठ, त्याने जवळजवळ शिवलीच नाही. तिथले तंतू ताणले जातात आणि एक जरी मध्येच कापला गेला तरी तिथून चीर जाते. जे काही ताशायचे ते पोटाच्या बाजूने. कोयत्याने आकार आल्यावर त्याने एक सैल दोरी बांधली, मधली मूठ खुंटीवर अडकवली आणि दोरी वीतभर खाली ओढली. मग तो दूर सरकून पाहत बसला. पुन्हा ओढले, पुन्हा पाहिले. कोळशाने एके ठिकाणी खूण केली आणि कोयत्याची धार आडवी धरून तेवढीच जागा खरवडली. पुन्हा वीस-पंचवीस वेळा ओढून लाकडाला सवय लावली. प्रत्येक खेपेला दोरी बोटभर अधिक खाली येई. एका दिवसात फार तर मूठभर भुगा निघाला असेल.

मी त्याला म्हटले, वाकतो तर आहे छान. तो म्हणाला, "गुरुजी, कुठं वाकतो ते नका बघू. कुठं वाकत नाही ते बघा."

या एका वाक्यात सारी विद्या आहे. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत आणि प्रत्येक बाहू सर्व लांबीभर वाकला पाहिजे. एका जागी जास्त बाक आला, तर सारा ताण तिथेच गोळा होतो आणि कामठा तिथेच मोडतो. अशी नरम जागा दिसली, तर तिला हात लावायचा नाही. तिच्याभोवतीचा कडक भाग खरवडून तिच्या बरोबरीला आणायचा. खरवडलेले लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून संपूर्ण कामठ्याचे बळ अखेर त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून ठरते. पदार्थविज्ञानही हेच सांगते. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्के कमी केली, तर कडकपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. कारागिराला घनाचा हिशेब ठाऊक नव्हता. त्याचा परिणाम त्याच्या बोटांना ठाऊक होता.

१९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा मृतदेह सापडला. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचे सुमारे १८२ सेंटिमीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अपुरे होते. त्यावर तासणीच्या खुणा तशाच होत्या. भात्यात १४ बाण होते, त्यांतले दोनच पुरे झालेले. विद्वानांना धनुष्य कसे घडे हे त्या खुणांवरून वाचता आले. पुऱ्या झालेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या धनुष्यावरून ते वाचता येत नाही. ते केवळ वस्तू दाखवते, कृती लपवते.

आमच्याकडे नेमकी कृतीच हातची चालली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला, आणि ते योग्यच झाले. पुढे सिल्वासाभोवती धाग्याचे कारखाने आले, तरुण पाळीवर जाऊ लागले. त्यांना दोष देणारे आपण कोण? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर वनवासींचा हक्क मान्य केला खरा. पण तो बांबू कामठ्यासाठी पारखणारे डोळे म्हातारे झाले. बांबूचा कामठा घेऊन रानात वाढलेला राजस्थानचा लिंबा राम ऑलिंपिकपर्यंत पोचला आणि १९९२ साली त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हा आम्हा सर्वांचा ऊर भरून आला. परंतु त्यांच्या चाकाच्या धनुष्याचा तोल कारखान्यातून येतो. नेमबाजी जगली, घडवण्याची विद्या मागे राहिली.

सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात शिकारीची साधने आहेत, ती असावीतच. माझी सूचना एवढीच, की त्यांच्या शेजारी चार कामठे ओळीने ठेवावेत: पहिला नुसता चिरलेला, दुसरा ताशीव, तिसरा कोळशाच्या खुणांसह अर्धा वाकलेला आणि चौथा पुरा. प्रत्येक टप्प्याला आणि अवयवाला कारागीर जो शब्द वापरतो, तो देवनागरीत लिहावा, आणि मराठी व गुजराती अर्थ त्याखाली. हे शब्द दोन्ही भाषांच्या कोशांना हवे आहेत.

संग्रहालयाने केले तर उत्तमच. न केले तरी आपल्या शाळांतून वारली, कोकणा, धोडिया मुले शिकतात आणि दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची असते. एक वही, एक पेन्सिल आणि घरातल्या आजोबांशेजारी बसण्याची तयारी एवढे भांडवल पुरे. कामठा करणारे हात अजून आहेत, पण थोडे आहेत.