मासा, दोर आणि कातड्याची चकती



हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी 1952 साली प्रसिद्ध झाली, आणि 1965 साली पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. एवढा प्रचंड मासा गळाला लागला असता तो म्हातारा दोर बोटीलाच पक्का बांधून स्वस्थ का बसत नाही, असा प्रश्न ती वाचताना आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. कारण साधे आहे. दोर बांधला तर माशाच्या एका हिसक्यासरशी तो तुटणार, आणि मोकळा सोडला तर मासा जाणार. म्हणून म्हातारा तो पाठीवरून घेतो, हात सोलवटून घेतो आणि लागेल तेवढीच ढील देतो. धरायचे, पण बांधायचे नाही. सोडायचे, पण हातचे जाऊ द्यायचे नाही. ज्यांनी लहानपणी संक्रांतीला पतंग उडवला आहे त्यांना ही विद्या निराळी शिकवावयास नको.

हे हातापाठीचे काम माणसाने यंत्राकडे कसे सोपविले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. विषय छोटा आहे खरा. तथापि इतिहास केवळ सिंहासनांचाच असतो असे नाही; एखाद्या चकतीचाही असतो.

आपण प्रथम कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील कॅटालिना बेटावर जाऊ. 1898 सालच्या जून महिन्यात चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गशास्त्रज्ञाने तेथे काठी आणि रिळाच्या साहाय्याने 183 पौंडांचा, म्हणजे सुमारे 83 किलोंचा, ट्यूना मासा धरला. त्याच वर्षी त्याने बेटावर ट्यूना क्लब स्थापन केला. त्या काळच्या रिळाची रचना अशी की, मूठ आणि दोराचे चाक दातेरी चाकांनी एकमेकांना कायमचे जोडलेले. मासा पळू लागला म्हणजे चाक उलटे फिरे, आणि त्याबरोबर मूठही गरगर फिरून धरणाऱ्याची बोटे फोडी. गती आवरण्यास साधन काय, तर चाकावर कातड्याची एक पट्टी आणि तिच्यावर माणसाचा अंगठा. म्हाताऱ्याच्या पाठीची जागा अंगठ्याने घेतली होती, एवढीच काय ती प्रगती.

या अडचणीतून ज्याने वाट काढली तो विल्यम बॉशन याच क्लबाचा सभासद होता. त्याची कल्पना ब्रुकलिनच्या ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिराने प्रत्यक्षात उतरविली. 1913 साली बॉशनने अशा रिळावर 355 पौंडांचा तलवार मासा धरला. काठी व रीळ वापरून धरलेला हा पहिला तलवार मासा मानला जातो.

आता रिळाच्या पोटात डोकावू. मोठे दातेरी चाक आतून पोकळ असते. त्या पोकळीत चकत्यांची चवड रचलेली असते. आपला मिस्त्री ज्यांना वायसर म्हणतो, त्याच या. एक चकती धातूची, तिच्यावर एक कातड्याची किंवा तत्सम पदार्थाची, पुन्हा धातूची, असा क्रम. धातूच्या चकत्यांपैकी काही दातेरी चाकाबरोबर फिरतात, तर काही मुठीच्या नळीत अडकलेल्या असतात. आणि ती नळी उलट फिरू नये म्हणून खिटी बसविलेली असते. बाहेरची चांदणीच्या आकाराची चावी पिळली की सारी चवड दाबली जाते. माशाची ओढ दाबापेक्षा कमी असेल तोवर चाक स्थिर राहते. वाढली की चकत्या एकमेकींवर घसरतात, दोर सुटतो, आणि मूठ मात्र जागची हलत नाही. बोटे वाचली, दोरही वाचला. 1936 साली फिलाडेल्फियाच्या पेन कंपनीने बाजारात आणलेल्या ‘सेनेटर’ रिळांतही तत्त्व हेच होते.

मात्र सर्व भार आता त्या मऊ चकतीवर आला. स्थिर वस्तू हलवावयास जेवढा जोर लागतो, तेवढा ती चालू ठेवावयास लागत नाही. अडलेली बैलगाडी हलविणाऱ्यास हे कोणी सांगावे लागत नाही. कातडे सुकले, कडक झाले वा चिकटले की सुरुवातीची ही अढी वाढते. मासा अकस्मात सुसाट सुटतो, चकती क्षणभर चिकटून राहते, आणि तेवढ्या क्षणात दोर तुटतो. शिवाय उष्णता आहेच. दहा किलोंच्या ओढीखाली सेकंदास पाच मीटर दोर सुटला, तर चकत्यांत सुमारे 490 वॅट एवढी शक्ती उष्णतेच्या रूपाने मुरते. घरातल्या इस्त्रीची आठवण व्हावी एवढी ती असते, आणि ती सोसावयाची कोणी, तर रुपयाएवढ्या कातड्याने!

तरीही जुने कातडे बरीच वर्षे चालले, कारण तेव्हाचा दोर त्याच्याहून दुबळा होता. 1938 साली नायलॉन जाहीर झाले, पुढे त्याचे दोर आले; आणि 1990 नंतरच्या दशकात पॉलिथिलीनचे विणलेले दोर पसरले. हे दोर बारीक, बळकट आणि जवळजवळ न ताणणारे. पूर्वी दोराच्या ताणात हिसका जिरत असे, तो आता सरळ चकतीवर आदळू लागला. साखळीतला कच्चा दुवा दोरातून निघून रिळात आला. म्हणून हौशी मंडळी जुनी रिळे उघडून कातड्याच्या चकत्या काढतात आणि कार्बनच्या तंतूंच्या चकत्या बसवितात, वर खास वंगणाचा पातळ हात देतात. काँकॉर्ड विमानाच्या ब्रेकमध्ये जो कार्बन तापत होता, त्याच कुळातला हा पदार्थ. तो उष्णतेने सहसा जळत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचा सुटण्याचा जोर व चालण्याचा जोर यांत फारसे अंतर नसते.

एक गोष्ट मात्र कार्बनलाही बदलता येत नाही. दोर सुटत गेला की चाकावरील गुंडाळीचा व्यास घटतो. तो निम्मा झाला की चावी न हलविताही दोरावरचा ताण दुप्पट होतो. म्हणून जाणते लोक दोराच्या शक्तीच्या तिसऱ्या वा चौथ्या हिश्शाएवढीच ओढ काट्यावर मोजून ठेवतात, आणि मासा दूर जाऊ लागला की चावी सैल करतात. नवशिक्या नेमका तेव्हाच ती पिळतो.

कोणी विचारील, या सुधारणेने माशाचे काय भले झाले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणे आम्हांस योग्य वाटत नाही. साधन सुधारले की हाव वाढते, हा अनुभव सर्वत्र आहे. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. मासा धरून परत सोडून देण्याची चाल आता पुष्कळ रुजली आहे. आणि जो मासा तासन्‌तास झुंजून थकला, तो सोडूनही वाचेलच असे नाही. सुरळीत चालणारी चकती झुंज लवकर संपविते, आणि सोडलेल्या माशास जगण्याची संधी देते. तेच साधन कोणाच्या हाती आहे, यावर ते तारक की मारक हे ठरते.

म्हाताऱ्या कोळ्याने पाठीवर सोसले ते अंगठ्याने सोसले, मग कातड्याने, आता कार्बन सोसतो आहे. ढील केव्हा द्यावयाची, हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते.