डॉ. कोटणीस की अमर कहानी
युद्धकालीन प्रेम व आत्मत्याग ह्यांची कथा सांगणारा एक प्रसिद्ध हिंदी चित्रपट (१९४६). निर्मिती व्ही. शांताराम ह्यांच्या राजकमल कलामंदिर ह्या संस्थेची. दिग्दर्शन व नायकाची भूमिका शांताराम ह्यांनीच केली. नायिका चिंग लानच्या भूमिकेत जयश्री होत्या. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या इंग्रजी पुस्तकावर आधारलेली पटकथा अब्बास व वि. प. साठे ह्यांनी लिहिली. संगीत वसंत देसाई ह्यांचे. चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली.

कथानायक द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) हे मूळचे सोलापूरचे. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते सप्टेंबर १९३८ मध्ये चीनला गेले. वडिलांच्या निधनाची वार्ता तेथे पोहोचली, तरीही ते परतले नाहीत. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीसांनी आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४१ मध्ये, कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून ह्यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद स्वीकारले. त्याच वर्षी परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका ग्वो छिंगलान ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे ‘यिनह्वा’ हे नाव भारत व चीन ह्या अर्थांच्या दोन चिनी अक्षरांचे आहे. अपस्माराच्या विकाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीसांचा मृत्यू झाला. पथकातील इतर चौघे डॉक्टर मायदेशी परतले.

चित्रपटाने ह्या चरित्राला प्रेमकथेचा घाट दिला. त्यात कोटणीस प्लेगच्या साथीवर इलाज शोधतात व त्याच रोगाला बळी पडतात. वास्तवात मात्र अपस्माराचे झटके येत असतानाही अध्यापन आणि शस्त्रक्रिया चालू ठेवणे, हा त्यांचा त्याग होता. त्यात पडद्यावर दाखविण्याजोगा एकच निर्णायक क्षण नव्हता. प्लेगच्या कल्पित प्रसंगाने तो उपलब्ध झाला. कोटणीसांनी आयुष्याच्या अखेरीस चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. चित्रपटाचा भर मात्र मानवसेवा व राष्ट्रप्रेम ह्यांवर आहे.

अखेरच्या दृश्यांत मरणासन्न नायक पत्नीला आपल्या घरची वाट वर्णन करून सांगतो आणि ती तान्ह्या मुलासह भारतात येते. पतीच्या घरी येणारी सून ही प्रतिमा भारतीय प्रेक्षकांना जवळची होती. तीमुळे परदेशातील मरणाचा शेवट घरी परतण्यात झाला. प्रत्यक्षात छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे आल्या, त्या पाहुण्या म्हणून. यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये मरण पावला. छिंगलान ह्यांचे निधन २०१२ मध्ये झाले.

त्यामुळे चित्रपटात त्यागाचे श्रेय मुख्यतः नायकाकडे जाते. युद्धकाळातच वैधव्य आल्यावर मूल वाढविणाऱ्या आणि सत्तर वर्षे पतीची स्मृती जपणाऱ्या छिंगलान ह्यांचा वाटा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. असे असले, तरी सोलापूरच्या ह्या डॉक्टरांचे नाव भारतीय जनमानसात रुजविण्याचे कार्य प्रामुख्याने ह्याच चित्रपटाने केले.