वेड्यांचा गुत्ता

पेडगावचा म्हणून ओळख करून दिली की समोरच्या गृहस्थांच्या मिशीआड हसू फुटते. वास्तविक ‘वेड पांघरून पेडगावला’ जाणाऱ्यांचे पेडगाव भीमाकाठचे, बहादूरगडाचे. आमचे पेडगाव परभणीजवळ, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. पण म्हणीला पत्ता कोण विचारतो? या थट्टेनेच मला एका निराळ्या इतिहासाकडे वळवले. वेड पांघरलेले नसून खरेच लागले, तर पूर्वी माणसाला कोठे नेत आणि त्याचा खर्च कोण सोशी?

ईस्ट इंडिया कंपनीने या प्रश्नाला व्यापाऱ्यास साजेसे उत्तर शोधले. आम्हा मराठवाड्यातल्यांच्या बोलीत कंत्राटाला गुत्ता म्हणतात (पुण्यामुंबईच्या वाचकांनी भलता अर्थ घेऊ नये). कंपनीने वेड्यांचा गुत्ता दिला! कलकत्त्यात 1788 च्या सुमारास विल्यम डिक नावाच्या सर्जनने वेड्यांसाठी घर उभारले आणि कंपनीने ते दरमहा 400 रुपये भाड्याने घेतले. मद्रासेत व्हॅलेंटाइन कॉनोली या कंपनीच्याच सर्जनने 1794 साली 16 रोग्यांची सोय केली. पुढे ते इस्पितळ एखाद्या वाड्यासारखे हातोहात फिरले. कॉनोलीकडून फिट्झजेराल्डकडे, मग जेम्स डाल्टनकडे. डाल्टनने 1807 मध्ये ते 54 जणांपुरते वाढवले आणि त्याला नावही डाल्टनचेच पडले.

या सर्जनांना खलपुरुष ठरवण्याची मला घाई नाही. त्यांनी छप्पर तरी दिले. खोट व्यवहारातच होती. पैसे सरकार देणार, घर दुसरा चालवणार आणि ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्या तक्रारीला ‘वेड्याची बडबड’ म्हणून कोणी कान देणार नाही. खानावळीतला गिऱ्हाईक पातळ आमटी पाहून दुसरी खानावळ धरतो. या रोग्याला ती मुभा कोठली? पेजेत जेवढी काटकसर, तेवढी मालकाची कमाई.

मुंबई सरकारने निराळी वाट धरली. कुलाब्याचे 1826 चे वेड्यांचे इस्पितळ सरकारने स्वतःच चालवले. रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूर येथील आजची मनोरुग्णालयेही सरकारीच. ठाण्याला 1901 मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीचा हात लागला, पण देणगी म्हणजे गुत्ता नव्हे.

आणि आम्ही? आम्ही निजामाच्या मुलखातले. निजाम सरकारने आपले वेड्यांचे इस्पितळ 1907 च्या सुमारास हैदराबादेहून जालन्यास आणले. पेडगावहून त्याच लोहमार्गाने थेट जालना! हे सुख 1953 पर्यंत टिकले. त्या वर्षी इस्पितळ हैदराबादच्या एर्रागड्ड्यास गेले. तीन वर्षांनी, 1956 साली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा या खात्यात आमची झोळी रिकामी होती. वर सांगितलेल्या चार मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही.

आता 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पाहा. त्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येकाला, शासनाने चालवलेल्या ‘किंवा’ शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवेचा हक्क दिला आहे. त्या एका ‘किंवा’तून डिक आणि कॉनोली पुन्हा आत येऊ शकतात. मात्र मध्ये पहारा आहे. नोंदणी झालेल्या संस्थेची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे कायदा सांगतो. रोग्याला तक्रारीसाठी मंडळ दिले आहे. डाल्टनच्या रोग्यांना यातले काही मिळाले असते, तर! माझ्या मते गुत्ता खाजगीकडे द्यावा की नाही, हा वाद दुय्यम आहे. तपासनीस खरोखर येतो का आणि आला तर मुदपाकखान्यात डोकावतो का, हे आधी पाहावे.

जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर रोग्याने जिल्ह्यातील दुसऱ्या दवाखान्यात उपचार घ्यावे व खर्च शासनाने सोसावा, असेही तेच कलम म्हणते. पेडगावच्या शेतकऱ्याने ते बिल परभणीत कोणत्या खिडकीवर द्यायचे, एवढे मात्र त्यात लिहिलेले नाही. परतफेडीचे नियम करण्याचे काम कलमाने शासनावर सोपवले आहे.